एका बाटलीपुरतं खरं

डोंगरकडा
१२ जानेवारी २०२५

संगिताताई,

आधी कामाचं लिहिते, खुशाली मागून. या पाकिटात कापसात गुंडाळलेली काचेची छोटी बाटली आहे. आत पांढरी भुकटी आहे, उघडताना सांडू देऊ नका. सोबत एक इंग्रजी कागद जोडलाय. तुमी हैदराबादला औषधंच तपासता, म्हणून तुमच्याकडं पाठवून राहिले.

हे वजन उतरवायचं इंजेक्शन आहे. मेडिकलवर मिळतं ते लई महाग, अन डॉक्टरची चिठ्ठी लागती. हे मोबाईलवरच्या एका ग्रुपमधून मागवलं. भुकटीत आपणच पाणी घालायचं, शुगरवाले वापरतात त्या बारीक सुईत दहा रेघांपर्यंत ओढायचं, अन आठवड्यातून एकदा पोटाला टोचायचं. विकणाऱ्यानं व्हिडिओ बी पाठवलाय.

तुमाला ठाऊकच आहे, धाकट्याच्या बाळंतपणापासून माझं अंग उतरलंच न्हाई. मागच्या महिन्यात पार्लरमध्ये एक बाई आरशातून माझ्याकडं बघून म्हणली, "आमाला चेहऱ्याचं सांगता, अन तुमचं काहून असं?" हसून म्हणली. मी बी हसले.

इंग्रजी कागदावर लिहिलंय की माल शुद्ध आहे, नीट भरलाय. पण विकणाराच माल देतो अन विकणाराच कागद देतो. तुमी एकदा बघितलं की माझा जीव निवांत होईल.

फोनवर हे बोलता येत न्हाई. माझा फोन दिवसभर पोरांच्या हातात अन संध्याकाळी तुमच्या भावाच्या. त्यांना सांगितलेलं न्हाई. तुमी बी चिठ्ठीच लिहा, पार्लरच्या पत्त्यावर.

तांड्यावर आई बऱ्या आहेत. गुडघे धरतात, पण ऐकत न्हाईत.

रीता


हैदराबाद
२ फेब्रुवारी २०२५

रीतावहिनी,

बाटली फुटली नाही, नीट पोचली. आमच्या लॅबचे मोठे साहेब हरिचंद सर आहेत, त्यांना खरं सांगितलं. मशीन रिकामं असताना करून घे म्हणाले, पण लॅबच्या नावानं काही लिहून द्यायचं नाही. तेव्हा हे फक्त तुमच्या नणंदेचं पत्र आहे असं समजा.

बाटलीवर पाच मिलिग्रॅम लिहिलंय. आत चार पूर्णांक आठ निघालं. आणि सेमाग्लुटाइड हे जे नाव लिहिलंय, तेच औषध आहे. म्हणजे ही बाटली बराबर आहे.

आता पुढचं वाचा, वरचं वाचून पत्र मिटवू नका. ही बाटली बराबर निघाली याचा अर्थ एवढाच, की ही बाटली बराबर निघाली. तपासताना ती मी फोडली आणि संपवली. तुम्ही टोचून घ्याल ती दुसरी असेल, आणि ती कोणीही पाहिलेली नसेल. चांगल्या कारखान्यात प्रत्येक घाण्यातून, म्हणजे बॅचमधून, नमुने काढून तपासतात, एक चुकला तरी सगळा माल अडवून ठेवतात. इथं भुकटी कोण भरतं, कुठं भरतं, कोणत्या हातांनी भरतं, काहीच माहीत नाही. आत जंतू आहेत का, हेही मी पाहिलेलं नाही. ती तपासणी वेगळी असते, तिला एक बाटली पुरत नाही.

इंग्रजी कागदाचं म्हणाल, तर त्यावरचा बॅच नंबर बाटलीवरच्या नंबराशी जुळत नाही. कागद खरा असला तरी दुसऱ्याच कुठल्या बाटलीचा आहे, आणि ती बाटली विकणाऱ्यानं स्वतः निवडून तपासायला दिली असणार.

तुम्ही हे घेऊ नका. घ्यायचंच असेल तर नांदेडला डॉक्टरांना दाखवा आणि दुकानातलं घ्या, खर्चाचं मी बघते. एक बाई आरशात हसली म्हणून पोटात सुई घ्यायची नसते.

संगिता


डोंगरकडा
९ मार्च २०२५

ताई,

रागावू नका. तुमचं पत्र यायच्या आधीच मी सुरू केलं होतं. पत्र आलं, बराबर आहे म्हणून वाचलं, अन चालू ठेवलं. आता दिवाळीचं ब्लाउज आतून शिवून घ्यावं लागलं. तुमच्या भावानं विचारलं, "आजारी आहेस का?" मी म्हणलं, "भूक लागत न्हाई." ते म्हणले, "चांगलं दिसतंय."

बाया विचारून राहिल्या. मी कुणाला बोलवायला गेले न्हाई. इथं संतराम म्हणून आहेत, केळीच्या बागावाले, त्यांची पोरगी कोमल. बी.ए. झाली, पोरगी लई मनमिळाऊ. शिरड शहापूरला तिचं जमलंय, पोराचं खताबियाण्याचं दुकान आहे. सुपारी फुटली त्या दिवशी पोराची आई चारचौघीत म्हणली, "पोरगी गुणाची आहे. जराशी भरलेली आहे, लग्नापर्यंत उतरेल." तेव्हापासून कोमल जेवायला बसली की तिची आई आशाबाई भाकरी मोजून राहिली.

त्या दोघी माझ्याकडं आल्या. मी त्यांना तुमचं पत्र दाखवलं. वरचा भाग दाखवला, खालचं लई लांब होतं. आशाबाई म्हणली, "तुमची नणंद एवढ्या मोठ्या लॅबमध्ये हाय, मग आमाला काय भ्याव?"

नवीन माल आलाय. आधीच्या बाटलीचं बूच करडं होतं, याचं निळं आहे. विकणारा म्हणतो, माल तोच, नुसतं बूच बदललं.

रीता


हैदराबाद
१७ मार्च २०२५

वहिनी,

ते पत्र मी तुम्हाला लिहिलं होतं, आशाबाईंना नाही. आणि खालचा भाग लांब होता कारण सांगायचं तेच होतं.

सरळ विचारते, सरळ सांगा. कोमलला तुम्ही इंजेक्शन देताय का? कोणत्या बुचाच्या बाटलीतून? किती रेघा?

हे का विचारते ते समजून घ्या. तुम्ही बाटलीत दर वेळी तेवढंच पाणी घालता आणि सुईत रेघा मोजून घेता. रेघा पाण्याच्या असतात, औषधाच्या नाही. बाटलीत लिहिल्यापेक्षा दुप्पट भुकटी असेल, तर त्याच दहा रेघांत दुप्पट औषध जाईल. तुमचा हात अजिबात चुकणार नाही आणि तरी चूक होईल. हे औषध एकदा आत गेलं की आठवडा-आठवडा अंगात राहतं, पुढची सुई मागच्यावर चढते. उलटी करून ते बाहेर काढता येत नाही.

निळ्या बुचाची एक बाटली लगेच पाठवा. मी पुन्हा सरांचे पाय धरते. तोवर त्या मुलीला काही देऊ नका. शब्द द्या मला.

संगिता


डोंगरकडा
३० मार्च २०२५

ताई,

बाटली पाठवलीय. कुरिअरवाला हळद काढणीच्या गडबडीत गावात फिरकलाच न्हाई, म्हणून उशीर झाला.

तुमी विचारलं तसं सांगते. व्हय, कोमलला सुई मीच देते. दर शुक्रवारी दुपारी येती, पार्लरच्या मागच्या खोलीत. निळ्या बुचातूनच. आधी दहा रेघा होत्या, आता वीस. विकणाऱ्यानं असंच वाढवायला सांगितलंय. मी स्वतः आता थांबवलं, माझ्या वाट्याच्या बाटल्या तिलाच चालल्यात. तिला मधी मळमळ झाली. आशाबाई म्हणतात, अन्न नको वाटतं म्हणजेच औषध लागू पडून राहिलं.

शब्द मागितला, तो देता येत न्हाई. लगीन मे महिन्यात आहे.

तुमाला तिथून सोपं वाटतं. तुमी शिकल्या, तांड्यावरून थेट हैदराबादला गेल्या. मी या गावात दुकान टाकलं तेव्हा बाया दारातून आत बघायच्या अन निघून जायच्या. तांड्यावरची बाई आपल्या तोंडाला हात लावणार म्हणून. वर्षभर मी खुर्च्या पुसत बसले. आज तीच आशाबाई मला तिच्या घरात बसवून चहा देती, घरच्यांच्या कपात. हे मी तुमच्या भावाला बी सांगितलं न्हाई, कारण त्यांना त्यातलं काय कळणार. तुमाला कळल म्हणून लिहिलं.

माझा हात हलका आहे, कोमल स्वतः म्हणती. दुखत न्हाई म्हणती.

रीता


हैदराबाद
१२ एप्रिल २०२५

वहिनी,

काल संध्याकाळी फोनवर सांगितलं तेच आता लिहून देते, म्हणजे कोणाला दाखवता येईल.

निळ्या बुचाच्या बाटलीवर पाच मिलिग्रॅम लिहिलंय. आत अकरा पूर्णांक सहा निघालं. मला खोटं वाटलं, म्हणून पुन्हा केलं. तेच आलं. म्हणजे कोमलला तुम्ही वीस रेघा दिल्या तेव्हा शेहेचाळीस रेघांएवढं औषध गेलं.

मी फोनवर हे सांगत होते आणि तुम्ही ऐकत होतात. मागं मिक्सर चालू होता. शेवटी "बरं" म्हणालात आणि ठेवलात. नंतर तीनदा लावला, उचलला नाही.

आता एकही सुई द्यायची नाही, अर्धी करूनही नाही. उरलेल्या बाटल्यांत किती आहे हे मलाही माहीत नाही, तिथं अर्धं म्हणजे कशाचं अर्धं? कोमलला आजच सांगा. तिला उलट्या होत असतील, पोटात कळ येत असेल, लघवी कमी झाली असेल, तर हे पत्र घेऊन दवाखान्यात जा आणि डॉक्टरांच्या हातात द्या. तुमच्यावर कोणी ओरडलं तर ओरडू दे.

संगिता


डोंगरकडा
२१ मे २०२५

ताई,

तुमचे फोन उचलले न्हाईत. उचलून काय बोलणार होते. आज सगळं लिहिते.

तुमचा फोन आला तेव्हा त्या शुक्रवारची सुई देऊन झाली होती. मी ठरवलं, पुढची देणार न्हाई, काहीतरी कारण सांगीन. कोमलला सांगितलं न्हाई. एवढे दिवस काही झालं न्हाई, मग आता सांगून पोरीला भ्याव कशाला घालायचं, असं वाटलं.

दोन दिवसांनी तिच्या उलट्या सुरू झाल्या. पाणी बी राहीना. आशाबाई लिंबूपाणी देत बसली. पोटातून पाठीत कळ जाऊन राहिली तेव्हा संतरामभाऊंनी गाडी काढली अन नांदेडला नेलं. मला बी सोबत घेतलं, कारण कोमल माझा हात सोडत नव्हती.

डॉक्टरनं विचारलं, "काही औषध चालू होतं का? गोळी, इंजेक्शन, झाडपाला?"

आशाबाई म्हणली, "न्हाई साहेब. लगीन हाय, म्हणून उपास करती."

मी तिथंच उभी होते. तुमचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं, सकाळीच आलं होतं. आशाबाईनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं.

त्यांनी बाहेरचं खाल्लं असंल म्हणून सलाईन लावलं. संध्याकाळपर्यंत तिची लघवी थांबली, तोंड सुजलं. शेवटी कोमलनंच सांगितलं, नर्सला. आमी बाहेर होतो. डॉक्टर बाहेर आले अन म्हणले, "किती घेतलं? कशातून घेतलं?" तवा मी पत्र काढलं. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं.

"हे कधी आलं तुमच्याकडं?"

मी म्हणलं, "आज सकाळीच."

किडनीसाठी दोनदा मशीनवर घेतलं. पॅनक्रियाला सूज होती. आता किडनी चालू आहे, पण किती चालल ते पुढं बघू म्हणले. महिन्याच्या महिन्याला दाखवायचं आहे.

लगीन ठरल्या तारखेलाच झालं. पोराकडच्यांना सांगितलं, कावीळ झाली होती. शालू पिना लावून लावून अंगावर बसवला. पोराची आई मांडवात फिरून फिरून सांगत होती, "बघा, मी म्हणलं नव्हतं का, उतरेल." नवरीच्या मेकअपला त्यांनी कळमनुरीहून बाई आणली. मला पत्रिका होती, मी मागच्या रांगेत बसले. आशाबाईनं मला जेवणाचं विचारलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी संतरामभाऊ दुकानात आले. बसले न्हाईत. म्हणले, "तुमी तोंड उघडू नका, आमी उघडत न्हाई. पोरीचा संसार हाय."

तुमाला एकच मागते. तुमी फोनवर तुमच्या भावाला म्हणला होता तक्रार करीन म्हणून. करू नका. तुमच्या भावाला आता सगळं कळलंय, ते माझ्याशी बोलत न्हाईत, पण तुमाला हेच सांग म्हणले.

उरलेल्या बाटल्या मी नाल्यात फोडल्या. अन ताई, हे सगळं झालं तरी मागच्या आठवड्यात दोघी येऊन विचारून गेल्या. कोमल किती छान दिसत होती म्हणल्या.

रीता


हैदराबाद
८ जून २०२५

वहिनी,

तुमचं पत्र येण्याआधीच मी विचारणा केली होती. औषध खात्यातल्या एका बाईंनी नीट ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, बाटली कोणी मागवली, टोचली कोणी, आणि त्रास झाला त्या मुलीचा जबाब, एवढं लागेल. त्याशिवाय माझ्या हातात एक आकडा आहे आणि तो आकडा कशाचा आहे हे सांगायला कोणी नाही. हरिचंद सर म्हणाले, नोंद न केलेल्या नमुन्याचा निकाल त्यांच्या दृष्टीनं झालेलाच नाही. परवानगी त्यांनीच दिली होती, हे आता त्यांना आठवत नाही. मला तीन महिने मशीनवरून काढून नोंदीच्या टेबलावर बसवलंय.

तुमचा तो ग्रुप बंद झालाय. नव्या नावानं दुसरा चालू आहे, बाटलीचा फोटो तोच. मी आत जाऊन पाहिलं. तिथं लोक एकमेकांना तपासणीचे कागद पाठवतात आणि समाधान मानतात.

मी पुढं जाणार नाही. तुम्ही सांगता म्हणून नाही. कोमलनं सांगितल्याशिवाय तिचं नाव घ्यायचा मला अधिकार नाही, म्हणून. तुमचं नाव मात्र घेतलं असतं. भावाचं घर असलं तरी.

घरच्यांच्या कपातल्या चहाचं तुम्ही लिहिलं होतं. ते मला कळलं होतं, वहिनी. मीही तिथंच वाढले. पण डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तो कप सांभाळायचा होता का?

आता काही दिवस मला लिहू नका. आईच्या गुडघ्याचं काही असेल तर भावाला फोन करायला सांगा.

संगिता


डोंगरकडा
२४ ऑगस्ट २०२५

आदरणीय संगिताताई,

तुम्ही मला पाहिलेलं नाही. मी कोमल. पत्ता रीताकाकूंकडून घेतला. त्यांनी विचारलं कशाला पाहिजे, मी सांगितलं नाही, तरी दिला. माझा फोन बाबांकडं आहे, म्हणून पत्र लिहिते.

सासरी मला सगळ्यांनी चांगलं ठेवलं, हे आधी लिहिते. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला मला उभं करून दाखवायच्या. मी दोन घास खायची, तिसरा वर यायचा. उपास सांगायची. दर महिन्याला नांदेडला दाखवायचं होतं, ते माहेरी जाते सांगून एकदाच जमलं.

माझी नणंद दिपा कॉलेजला आहे. तिला पाहायला येणार होते. रोज मागं लागायची, "वहिनी, तुम्ही बारीक कशा झालात, मला सांगा की." मी म्हणायची, कावीळ झाली होती. तिनं माझ्या फोनमधले विकणाऱ्याचे जुने मेसेज शोधले. पार्सल दुकानाच्या पत्त्यावर मागवलं, बियाण्याच्या खोक्यांत कोणाला कळलं नाही. मी खोलीत गेले तेव्हा तिनं सुई भरून ठेवली होती आणि पोटाचा कपडा वर धरला होता. या बाटलीचं बूच लाल होतं.

मी सुई ओढून घेतली आणि बाटली मोरीत ओतली. ती रडत आईकडं गेली. सासूबाई म्हणाल्या, "स्वतः बारीक होऊन बसली, आता माझ्या पोरीचं बघवत नाही हिला."

मी गप्प बसले असते तर तिनं दुसरी मागवली असती. म्हणून सांगितलं. स्वयंपाकघरात, सगळ्यांसमोर. सुई, नांदेड, मशीन, सगळं. आमच्या यांनी एवढंच विचारलं, "लेकरू होईल का, हे डॉक्टरला विचारलं का?" मी म्हणलं, "नाही विचारलं." सासऱ्यांनी बाबांना फोन लावला, "फसवून लगीन लावलं तुम्ही," म्हणाले.

मला इथं आणून सोडलंय, थोड्या दिवसांसाठी म्हणून. बाबा म्हणतात, "सगळं झाकलं होतं, तू काहून तोंड उघडलं?" आई माझ्याशी बोलते, पण बाबा घरात नसतील तेव्हाच. दिपानं एकदाही फोन केला नाही. तिनं पुन्हा मागवली का, तेही मला कळलेलं नाही.

रीताकाकू परवा येऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "कोमल, मी तुला शुक्रवारीच सांगायला पाहिजे होतं." मी म्हणलं, "व्हय, सांगायला पाहिजे होतं." मग त्या गेल्या. त्यांच्यावर माझा राग आहे. पण दवाखान्यात त्यांच्याआधी माझी आई खोटं बोलली, ते मी विसरू शकत नाही, आणि आईला बोलूही शकत नाही.

काकूंनी मला तुमचं जूनचं पत्र वाचायला दिलं. मी सांगितल्याशिवाय माझं नाव घेणार नाही, असं त्यात तुम्ही लिहिलंय. मी सांगते. घ्या. जबाब द्यायला नांदेडला, हिंगोलीला, जिथं म्हणाल तिथं येईन. दवाखान्याचे कागद माझ्याकडं आहेत. आता मला लपवून ठेवावं असं कोणासमोर काही उरलेलं नाही.

नाव कोमल संतराम असं लिहा, मुक्काम डोंगरकडा. सासरचं नाव लावायचं की नाही, ते तिकडून अजून कळलेलं नाही.

कोमल